ऐकणारा कोण, ते आधी बघा

घाणेरीचा एक गुच्छ अगदी जवळून बघा. काही जण तिला टणटणी म्हणतात. मधली लहान फुलं पिवळी, त्यांच्याभोवतीची नारिंगी आणि कडेची लाल नाहीतर गुलाबी. हे रंग म्हणजे फुलांचं वय. गुच्छ बाहेरून आत उमलत जातो, त्यामुळे ताजी फुलं मध्यभागी असतात. ताज्या पिवळ्या फुलात मकरंद असतो. परागण झालं की रंग पालटतो आणि मकरंद आटतो. फुलपाखरू येऊन बसलं की त्याची सोंड पिवळ्या फुलातच जाते, लाल फुलांच्या वाटेला ते फारसं जात नाही.

मग झाड ती कामातून गेलेली फुलं गाळून का टाकत नाही? कारण गुच्छ जितका मोठा, तितका तो लांबून लवकर दिसतो. म्हणजे एकच गुच्छ दोन अंतरांवर दोन गोष्टी सांगतो: लांबून 'इकडे या' आणि जवळ आल्यावर 'या फुलात बघा, त्यात वेळ घालवू नका'. मार्था वाइस यांनी १९९१ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात हे मांडलं. असा रंगबदल ७०हून अधिक वनस्पतिकुळांत आढळतो. दोघांचाही फायदा होतो. फुलपाखराची खेप वाया जात नाही आणि झाडाचे परागकण गरजेच्या फुलावरच पोचतात.

संवादाबद्दल वाचताना 'कोण बोलतं' यावर सगळा भर असतो. झाडं बोलतात का, कुत्रा काय म्हणतोय, मधमाश्यांची भाषा कोणती. प्रश्न उलटा विचारला की बरंच धुकं निवळतं: ऐकतंय कोण, ऐकून त्याच्या वागण्यात काय बदललं, आणि त्या बदलाचा फायदा कोणाला?

या तीन प्रश्नांनी पहिली वाटणी होते ती संकेत आणि सुगावा यांची. डास आपल्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत येतो, पण आपण श्वास काही डासाला बोलवायला सोडत नाही. तो सुगावा. घाणेरीचा रंगबदल टिकून राहिला तो फुलपाखराच्या वागण्यावर होणाऱ्या परिणामामुळेच. तो संकेत. जीवशास्त्रात 'संवाद' हा शब्द नेमकेपणाने वापरायचा असेल तर तो संकेतासाठी राखून ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर घड्याळाची टिकटिकसुद्धा संवाद ठरेल.

पोळ्यातला नाच वाचायचा कसा

मधमाशीच्या नाचाबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण तो प्रत्यक्ष वाचायचा कसा हे क्वचितच कोणी सांगतं. कार्ल फॉन फ्रिश यांनी तो उलगडला आणि १९७३ सालचं नोबेल त्यांना लोरेन्झ आणि टिनबर्गन यांच्यासोबत मिळालं. युरोपियन मधमाशी, म्हणजे एपिस मेलिफेरा, अंधारात, उभ्या पोळ्यावर इंग्रजी आठच्या आकारात फेऱ्या मारते. मधला सरळ टप्पा ती पोट डावी-उजवीकडे हलवत आणि पंख थरथरवत चालते. माहिती असते ती या टप्प्यात. बाजूने गोल वळून परत येणं म्हणजे नुसतं पुन्हा सुरुवातीच्या जागी येणं.

काचेच्या भिंतीची निरीक्षणपेटी, ओळंबा, कोनमापक आणि सेकंदाचे भाग दाखवणारं घड्याळ एवढं पुरतं. चित्रण करता आलं तर फारच उत्तम. ओळंब्याने काचेवर उभी रेष आखा. एक नाचणारी माशी निवडा. पहिली आणि शेवटची फेरी अनेकदा ओबडधोबड असते, ती सोडा आणि मधल्या किमान चार फेऱ्या मोजा. प्रत्येक फेरीत थरथरणाऱ्या टप्प्याचा वेळ आणि त्याचा उभ्या रेषेशी होणारा कोन लिहून ठेवा आणि दोन्हींची सरासरी काढा. पोळ्यावर 'वर' म्हणजे बाहेर सूर्याची दिशा. समजा, माशी उभ्या रेषेच्या उजवीकडे ४० अंशांवर नाचली आणि त्या क्षणी सूर्य उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १३५ अंशांवर होता. बेरीज १७५, म्हणजे जवळपास थेट दक्षिण. अंतरासाठी ढोबळ माप असं की एक सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटरच्या आतबाहेर.

चुका ठरावीक ठिकाणी होतात. सगळ्यात जास्त होते ती वेळेची. सूर्याची दिशा तासाला सरासरी १५ अंश सरकते, माध्यान्हीच्या सुमारास त्याहूनही भराभर, त्यामुळे सकाळची सूर्यदिशा धरून दुपारचा नाच वाचला तर उत्तर पार भलतीकडे जातं. माशी मात्र हा हिशोब ठेवते आणि नाचाचा कोन दिवसभर बदलत नेते. दुसरी चूक म्हणजे गोल वळण्याचा वेळही मोजणं. तिसरी जरा खोल आहे. माशी अंतर मोजते ते मीटरमध्ये नाही, उडताना डोळ्यांपुढून किती दृश्य सरकलं त्यावर. २०००च्या सुमारास श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी माश्यांना नक्षी काढलेल्या जेमतेम सहा-साडेसहा मीटरच्या अरुंद बोगद्यातून उडवलं. भिंती इतक्या जवळ की दृश्य झपाट्याने मागे पडत होतं. या माश्यांनी पोळ्यात परतून शे-दोनशे मीटरचं अंतर नाचून सांगितलं. म्हणून एका भूभागावर बसवलेलं माप दुसऱ्या भूभागावर डोळे मिटून लावू नये.

आता ऐकणाऱ्या माश्यांकडे वळू. अंधारात त्या नाच 'बघत' नाहीत. नाचणारीच्या मागे-बाजूला चिकटून मिशांनी स्पर्श आणि कंपनं टिपतात. आणि त्या नुसत्या ऐकून घेत नाहीत, हरकतही घेतात. ज्या जागी हल्ला झाला तिथून परतलेली माशी त्याच जागेसाठी नाचणाऱ्या माशीला डोक्याने ढुशी मारते आणि क्षणभराचा बारीक 'पीप' काढते. अशा ढुश्या वाढल्या की नाच थांबतो. ऐकणारा बोलणाऱ्याला गप्प करू शकतो, हे पोळ्याच्या व्यवस्थेतलं मला सगळ्यात मोलाचं अंग वाटतं.

हाकेचा आकार

लहान पक्षी आकाशात ससाणा दिसला की बारीक, लांबट, अतिशय उंच सुराची शीळ घालतात. तिची सुरुवात हळूच होते आणि शेवटही विरत जातो. तेच पक्षी फांदीवर बसलेलं घुबड सापडलं की खरखरीत, तुटक, मोठमोठ्याने कालवा करतात. हा फरक कानांच्या कामाशी जोडलेला आहे. आवाज कुठून आला हे दोन कानांवर तो पोचण्याच्या वेळेतल्या आणि जोरातल्या फरकावरून कळतं. अचानक सुरू होणारा, खूप कंप्रता (म्हणजे उंच-खालचे सूर) एकत्र असलेला आवाज हा फरक स्पष्ट करून देतो. अलगद उगवणारी एकसुरी शीळ तो पुसून टाकते. पहिल्या हाकेत स्वतःची जागा लपवायची असते, दुसरीत सगळ्यांना तिथेच बोलवायचं असतं. पीटर मार्लर यांनी हे १९५५ साली दाखवून दिलं.

हाकेत अर्थ असतो की नुसती भीती? याचं उत्तर केनियातल्या अंबोसेलीत व्हर्वेट माकडांवर सेफार्थ, चेनी आणि मार्लर यांनी केलेल्या प्रयोगातून आलं (१९८०). बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी या माकडांच्या वेगवेगळ्या हाका आहेत. जवळपास कोणताही शत्रू नसताना ध्वनिमुद्रित हाक वाजवली तरी बिबट्याच्या हाकेला माकडं झाडावर पळाली, गरुडाच्या हाकेला त्यांनी वर बघितलं किंवा झुडपात शिरली, आणि सापाच्या हाकेला मागच्या पायांवर उभं राहून गवतात बघितलं. पिल्लं सुरुवातीला गळणाऱ्या पानालाही गरुडाची हाक देतात. मोठी होताना ती चूक सुटते.

आवाज वाजवून बघण्याचा हा प्रयोग दिसायला सोपा आहे, पण बिघडतो पटकन. एकाच प्राण्याचा एकच आवाज वारंवार वाजवला तर प्रतिसाद हाकेला आहे की त्या एका मुद्रणातल्या खरखरीला, हे कळत नाही. म्हणून अनेक प्राण्यांची मुद्रणं लागतात. सगळ्यांची पातळी सारखी करावी लागते. तुलनेसाठी निरुपद्रवी आवाज हवा. ध्वनिक्षेपक लपवलेला हवा. दोन वेळांमध्ये पुरेसा खंड हवा, नाहीतर प्राणी सरावतात. आणि चित्रण बघून प्रतिसादाची नोंद करणाऱ्याने आवाज बंद ठेवूनच बघायचं, म्हणजे कोणती हाक होती हे त्याला माहीत नसतं.

जपानमध्ये वल्गुली या चिमुकल्या पक्ष्याच्या एका जातीवर तोशिताका सुझुकी यांनी याच पद्धतीने आणखी एक पायरी गाठली (२०१६). तिच्या हाकेचा पहिला भाग 'सावध, भोवती बघा', दुसरा 'इकडे या'. दोन्ही त्या क्रमाने वाजवले तर पक्षी भोवती बघत जवळ येतात. क्रम उलटा केला तर प्रतिसाद बराच ओसरतो. म्हणजे क्रमालाही किंमत आहे.

जिथे ऐकणारा विश्वास ठेवतो तिथे फसवणूकही शिरते. आफ्रिकेतला दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल पक्षी मिरकॅट या मुंगसाच्या जातकुळीतल्या प्राण्याच्या धोक्याच्या हाकेची हुबेहूब नक्कल करतो, मिरकॅट भक्ष्य टाकून पळतात आणि कोतवाल ते उचलतो. तीच थाप पुन्हा पुन्हा मारली की मिरकॅट दुर्लक्ष करू लागतात, तेव्हा तो हाक बदलतो. पण बऱ्याचदा तो खरोखरच्या धोक्याचीही सूचना देतो, म्हणून त्याच्याकडे कायमचं दुर्लक्ष करणं त्यांना परवडत नाही.

प्रश्न विचारणाराच उत्तर देतो तेव्हा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवायचा. मालक लबाड नव्हता. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी साध्या युक्त्या केल्या: प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था केली आणि घोड्याला माणूस दिसणार नाही असं केलं. दोन्ही वेळा हान्स अडला. विचारणारा प्रश्न विचारून किंचित पुढे झुकत होता आणि बरोबर आकडा आला की त्याचं डोकं नकळत जरासं वर जात होतं. हे समजल्यावरही फुंग्स्टना स्वतःची ती हालचाल पुरती दाबता आली नाही. हान्सला गणित येत नव्हतं, पण माणूस वाचणं मात्र त्याला उत्तम येत होतं.

झाडांना आपले विचार कळतात हा दावाही असाच तपासला गेला. १९६६ साली क्लीव्ह बॅक्स्टर यांनी कुंडीतल्या ड्रसिनाला खोटं पकडण्याचं यंत्र जोडलं आणि पुढे असंही सांगितलं की पाण्यातले बारीक झिंगे मेले की खोलीतली झाडं प्रतिक्रिया देतात. १९७५ साली काटेकोर नियंत्रण ठेवून तो प्रयोग पुन्हा केला गेला आणि तसं काहीही आढळलं नाही. हा निकाल महत्त्वाचा आहे, कारण झाडं खरोखर जे करतात ते या भाकडकथांखाली झाकलं जातं.

झाडांकडचा वास

गवत कापल्यावर येणारा हिरवा वास म्हणजे पान फाटल्यावर काही सेकंदांत तयार होणारी सहा कार्बनची लहान संयुगं. कात्रीने कापा, अळीने कुरतडू द्या, हा वास येणारच. दुसरा वास उशिरा येतो, काही तासांनी, आणि तो कात्रीने सहसा मिळत नाही. मक्याच्या रोपाचं पान नुसतं कापलं तर फारसं काही होत नाही, पण त्या जखमेवर अळीच्या तोंडातला स्राव लावला की रोप टर्पिन गटातली संयुगं सोडू लागतं, तीही फक्त जखमी पानातून नव्हे, सगळ्या अंगातून. त्या वासावर परोपजीवी गांधीलमाशी येते आणि अळीच्या शरीरात अंडी घालते. टर्लिंग्स आणि सहकाऱ्यांनी १९९० साली हे दाखवलं. स्रावातलं नेमकं संयुग, व्हॉलिसिटिन, १९९७ साली सापडलं. रोपाला फायदा, गांधीलमाशीला फायदा. तीन प्रश्नांच्या कसोटीवर हे स्वच्छ उतरतं.

शेजारच्या झाडाला 'सावध' करण्याचं प्रकरण मात्र इतकं सरळ नाही. शेजारी ऐकतो हे खरं आहे. टोमॅटोचं रोप जखमी शेजाऱ्याचा हिरवा वास शोषून त्याला साखर जोडतं, आणि त्यातून बनलेलं संयुग अळीला बाधतं. पण प्रतिस्पर्ध्याला सावध करून जखमी झाडाचा काय लाभ? उत्तर बहुधा असं की निरोप मुळात स्वतःच्याच फांद्यांसाठी असतो. एकाच झाडाच्या शेजारशेजारच्या दोन फांद्यांमध्ये आतल्या नळ्यांचा थेट रस्ता असेलच असं नाही, हवेतून मात्र अंतर वीतभर. उत्तर अमेरिकेतल्या सेजब्रश झुडपांत वारा अडवला तर त्याच झुडपाच्या इतर फांद्यांनाही खबर पोचत नाही, आणि परिणाम साधारण ६० सेंटिमीटरच्या आतच दिसतो. शेजारी त्यात फक्त कान देऊन बसलेला असतो.

चोरून ऐकण्याचं सगळ्यात जीवघेणं उदाहरण म्हणजे टारफुला. ज्वारी, मका, बाजरी यांच्या मुळांवर जगणारं हे तण. बी जेमतेम पाव मिलिमीटरचं, एका झाडाला हजारोंनी येणारं आणि जमिनीत दहा-दहा वर्षं जिवंत राहणारं. इतक्या बारीक बियात शिदोरी अशी नसतेच. रुजल्यावर काही दिवसांत यजमानाचं मूळ सापडलं नाही तर ते मरतं. म्हणून ते वाट बघतं. उबदार ओलाव्यात काही दिवस मुरल्यावर, मुळातून झिरपणारी स्ट्रायगोलॅक्टोन ही संयुगं जाणवली तरच ते रुजतं. ही संयुगं अगदी अत्यल्प प्रमाणात पुरतात.

मग पीक आपल्या वैऱ्याला जागं करणारं रसायन सोडतंच का? कोडं अनेक वर्षं होतं. १९६६ साली पहिलं असं संयुग कपाशीच्या मुळांच्या स्रावातून वेगळं केलं गेलं, आणि २००५ साली कळलं की ही हाक मुळात मायकोरायझा बुरशीसाठी आहे. हाक ऐकून बुरशीचे धागे फुटतात, मुळांशी जोडले जातात आणि फॉस्फेट आणून देतात. जमिनीत फॉस्फेट कमी असलं की रोप जास्त जोरात हाक मारतं. हलक्या, भुकेल्या जमिनीत टारफुला माजतो त्याचं एक कारण हेच. उपायही यातूनच निघतो. कपाशीचं मूळ टारफुल्याचं बी रुजवतं, पण त्याला जगू देत नाही. फेरपालटात असं पीक घेतलं की बियांचा साठा खोट्या हाकेवर रुजून मरतो. एका हंगामात जमीन मोकळी होत नाही. साठा मोठा असतो, आणि मुळं जिथवर पोचतात तिथलंच बी फसतं. शिवाय उरलेलं एक झाड जरी बियाला आलं तरी मेहनत मातीत जाते, म्हणून फुलोऱ्याआधी उपटणं सुटत नाही.

बुरशीच्या जाळ्यातून झाडं निरोप धाडतात याचे कुंड्यांतले पुरावे चांगले आहेत. २०१३च्या एका प्रयोगात बाकल्याच्या एका रोपावर मावा सोडला होता. बुरशीच्या धाग्यांनी जोडलेल्या निरोगी रोपांनीही माव्याला परतवणारा वास सोडायला सुरुवात केली, आणि धागे आत येऊ न देणारी अतिबारीक जाळी लावलेल्या रोपांनी सोडला नाही. पण अख्ख्या जंगलात आईझाड पिल्लांना सांभाळतं वगैरे जे सांगितलं जातं त्याला असा पुरावा नाही, हे २०२३ साली याच क्षेत्रातल्या संशोधकांनी बजावलं. त्याच वर्षी आणखी एक बातमी गाजली: तहानलेली टोमॅटो आणि तंबाखूची रोपं तासाला ३० ते ५० टिचक्या सोडतात, त्याही ४० ते ८० किलोहर्ट्झच्या, आपल्या कानापलीकडच्या. मथळे आले 'झाडं किंचाळतात'. त्या टिचक्या पाण्याच्या नळ्यांत हवेचे बुडबुडे फुटण्यातून येत असाव्यात. म्हणजे आमच्या वाटणीत हा सुगावा.

कुत्र्याचं ऐकताना

कुत्र्याच्या बाबतीत आपण ऐकणारे असतो, आणि ऐकण्यात कमी पडतो. नको असलेल्या स्पर्शाला तो आधी तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो. मग डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, तोंड मिटतं आणि शरीर ताठ थिजतं. गुरगुरणं त्यानंतर. गुरगुरल्याबद्दल रागावलं तर ही शेवटची पायरी तो गाळायला शिकतो, अस्वस्थता तशीच राहते, आणि पुढच्या वेळी 'न सांगता चावला' असं आपण म्हणतो. शेपूट हलते म्हणजे खूश, हेही अर्धवटच आहे. उंच, ताठ, भराभर हलणारी शेपूट उत्तेजना दाखवते, मैत्री नव्हे. अनोळखी कुत्र्यापुढे आडवं उभं राहावं, वाकू नये, त्याला येऊ द्यावं. छातीजवळ तीन सेकंद खाजवावं आणि हात काढावा. तो पुन्हा टेकला तर चालू ठेवायचं, जागीच थांबला तर नाही.

माणसांची 'काय?'

बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचा खंड, दहा भाषांच्या २००९च्या अभ्यासात, सरासरी ०.२ सेकंदाच्या आसपास निघाला. पण चित्र बघून त्याचं नाव तोंडातून यायलाच सुमारे ०.६ सेकंद लागतात. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपण्याआधीच आपण ते कुठे संपणार हे ताडून उत्तर जुळवत असतो. दूरच्या चित्रसंवादात आवाज अर्धा सेकंद मागे पडला की सगळे एकदम बोलतात ते यामुळेच. आपलं ताडणं बरोबर असतं, पण आलेली शांतता उशिराची असते. तिथे बोलून झाल्यावर पुढे कोणी बोलायचं त्याचं नाव घ्यावं आणि उत्तर येईपर्यंत पुरता एक सेकंद सोडावा.

आणि ताडणं चुकलं तर? बारा भाषांतल्या संभाषणांच्या २०१५च्या अभ्यासात, दर दीड मिनिटाच्या आतच कोणीतरी थांबवून दुरुस्ती मागत होतं. मागण्याच्या तऱ्हा तीन: नुसतं 'काय?', नेमकं 'कोण आलं?', किंवा आपला अंदाज पुढे करून 'म्हणजे परवा, ना?'. माणसं शक्य तितकी नेमकी तऱ्हा निवडतात, कारण त्यात समोरच्याला कमी पुन्हा सांगावं लागतं. गोंगाटात किंवा फोनवर आकडे, वेळ, औषधाची मात्रा असलं काही ऐकताना तिसरी तऱ्हाच वापरावी. नुसत्या 'काय?'ला समोरचा तेच वाक्य मोठ्याने म्हणतो, आणि पहिल्यांदा 'पन्नास'चं 'पंचावन्न' ऐकलं असेल तर दुसऱ्यांदाही तेच ऐकू येतं. 'पाच पाच, पंचावन्न, बरोबर?' असं विचारलं की चूक असेल तर ती तिथेच पकडली जाते.